सनच्या पेटीत तीन पिढ्यांच्या खिडक्या: सनओएस ४ पुन्हा कसं उभं करायचं

सनव्ह्यू, न्यूज आणि एक्स ११ या तीन वेगवेगळ्या विचारांच्या विंडो सिस्टिम एकाच पडद्यावर शेजारी शेजारी चालताना बघायच्या असतील, तर सन मायक्रोसिस्टिम्सचं युनिक्स, म्हणजे सनओएस ४.१.३ किंवा ४.१.४, बसवा. सनओएस ४ नंतर आलेल्या सोलारिस २ च्या मागे लागू नका. ते बसवायला सोपं आहे, पण त्यात सनव्ह्यू नाही, आणि २.३ पासून न्यूजसुद्धा काढून टाकली. सीडीवरच्या नावानं गोंधळ होतो, तो आधीच मिटवू: ‘सोलारिस १.१’ म्हणजे सनओएस ४.१.३, आणि ‘सोलारिस १.१.२’ म्हणजे सनओएस ४.१.४. आकडा ‘१.’ ने सुरू होत असेल तर सीडी कामाची.

खालच्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. मशीनवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत, इंग्रजी अंकांत, मधल्या जागा सांभाळून टाइप करायच्या.

मशीन आणि त्याच्या तारा

१९९१ चं स्पार्कस्टेशन आयपीएक्स या कामाला उत्तम. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, ४० मेगाहर्ट्झचा स्पार्क प्रोसेसर, जीएक्स ग्राफिक्स बोर्डावरच बसवलेलं. मेमरीच्या ४ खाचा आहेत, त्यांत ७२ पिनांच्या पॅरिटीवाल्या पट्ट्या लागतात, जास्तीत जास्त ६४ मेगाबाइट. पॅरिटी नसलेली पीसीची पट्टी खाचेत बसते, पण चालत नाही. १६ मेगाबाइटवर सनव्ह्यू पळतं, ओपनविंडोज (न्यूज आणि एक्स ११ एकत्र चालवणारं सनचं पॅकेज) मात्र डिस्क खरवडत बसतं. ३२ च्या खाली जाऊ नका. स्पार्कस्टेशन ५ असेल तरी चालेल, पण त्यावर ४.१.४ च घ्या.

मॉनिटरची जोडणी ‘१३ डब्ल्यू ३’ नावाची असते: तीन जाड कोअॅक्स खुंट्या आणि दहा बारीक पिना. व्हीजीएचं अॅडॉप्टर मिळतं. पडदा ११५२ बाय ९०० पिक्सेलचा, ६६ हर्ट्झवर, आणि आडवा-उभा सिंक एकाच तारेवरून येतो. पुष्कळ एलसीडी हा एकत्र सिंक ओळखत नाहीत आणि ‘सिग्नल नाही’ म्हणून काळे पडतात. मशीन मेलं असं समजून ते उघडायला घेण्याआधी ते बंद करा, कीबोर्ड काढा आणि पुन्हा चालू करा. कीबोर्ड नसला की मशीन आपोआप पहिल्या सीरियल पोर्टवर बोलायला लागतं: ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, आणि मधे नल मोडेमची केबल. आयपीएक्सवर एक खोडी आहे. सीरियल पोर्ट आणि कीबोर्ड दोन्हींची भोकं एकसारखी, ८ पिनांची गोल. चित्र बघून लावा. आणि मशीन चालू असताना कीबोर्ड काढू-लावू नका. बोर्डावरचा फ्यूज उडतो आणि मग चांगला कीबोर्डही मेल्यासारखा वाटतो.

टाइप ४ कीबोर्डबरोबरचा उंदीर ऑप्टिकल आहे, पण आजच्यासारखा कुठेही चालणारा नाही. त्याला जाळी छापलेली चकचकीत धातूची पाटी लागते. एका दिशेच्या रेषा एका रंगाच्या, दुसऱ्या दिशेच्या वेगळ्या. म्हणूनच उंदराला आडवं आणि उभं कळतं. पाटी ९० अंशांत फिरवून ठेवली तर बाण भलतीकडे पळतो. पाटीशिवाय उंदीर विकत घेऊ नका.

आधी एनव्हीरॅम, मग बाकी सगळं

या काळातल्या बहुतेक सन मशीनचा एनव्हीरॅम (वीज नसतानाही मशीनची ओळख आणि सेटिंग जपणारी चिप) मेलेलाच असतो. आयपीएक्सवर तो एम४८टी०२, २४ पिनांची उंच टोपीवाली चिप; टोपीत लिथियम सेल आणि घड्याळाचा स्फटिक. सेलचं आयुष्य साधारण १० वर्षं. तो संपला की मशीन सुरू होताना आयडीप्रॉममधला (त्या चिपमधल्या मशीनच्या ओळखीच्या भागातला) मजकूर बाद असल्याचं सांगतं, इथरनेटचा पत्ता सगळा एफएफ दाखवतं, आणि बऱ्याचदा डिस्क सोडून नेटवर्कवरून बूट व्हायला बघतं. कारण डायग-स्विच नावाची सेटिंग ‘खरं’ होऊन बसते.

नवी चिप मिळाली तर तिच्यावरचा उत्पादनाचा आठवडा बघा. ‘न वापरलेली’ म्हणून विकलेली वीस वर्षांची चिप म्हणजे वीस वर्षं झिजलेला सेल. दुसरा मार्ग म्हणजे जुन्याच चिपला बाहेरून सीआर२०३२ लावणं. चिप सॉकेटमधून सरळ वर उचला, वाकडी उपटू नका. टोपीची बाजू कानशीनं हळूहळू घासा, आतल्या धातूच्या दोन पट्ट्या चमकू लागल्या की थांबा. मेलेला सेलही मल्टिमीटरवर थोडासा व्होल्ट दाखवतो, त्यावरून धन-ऋण ओळखा. मग पट्टी कापून जुना सेल तोडा. हे विसरलं तर नवा सेल जुन्याला पोसत बसतो आणि काही महिन्यांत संपतो. सेल होल्डरच्या तारा चिपकडच्या टोकांना सोल्डर करा आणि ३ व्होल्ट येतात का ते बघूनच चिप परत बसवा. चिपवर चिकटपट्टी असेल तर जपून ठेवा. बऱ्याचदा तिच्यावर मूळ इथरनेट पत्त्याचे शेवटचे अंक असतात.

आता ‘ओके’ प्रॉम्प्ट हवा. कीबोर्डवर डावीकडची स्टॉप (जुनं नाव एल१) दाबून ए दाबा. नुसतं ‘>’ आलं तर एन टाइप करून एंटर. हा प्रॉम्प्ट म्हणजे फोर्थ भाषेचा इंटरप्रीटर आहे, त्यामुळे आधी किंमत, मग जागा, शेवटी क्रियापद. मराठीत वाक्य बोलतो तसंच. आकडे सगळे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचे.

आधी ‘सेट-डिफॉल्ट्स’. मग ‘१ ० एमकेपी’, म्हणजे शून्याव्या जागी १. ‘५७ १ एमकेपी’: ५७ हा आयपीएक्सचा प्रकार. (आयपीसीचा ५२, स्पार्कस्टेशन २ चा ५५, स्पार्कस्टेशन ५ चा ८०.) जागा २ ते ७ मध्ये इथरनेट पत्ता; सनचे पत्ते ८:०:२० ने सुरू होतात, म्हणून ‘८ २ एमकेपी’, ‘० ३ एमकेपी’, ‘२० ४ एमकेपी’, आणि पुढचे तीन चिकटपट्टीवरचे. चिकटपट्टी नसेल तर कुठलेही तीन, फक्त घरातल्या दुसऱ्या मशीनशी जुळू नयेत. जागा ८ ते बी मध्ये शून्यं, सी ते ई मध्ये यजमान क्रमांकाचे तीन बाइट. पत्त्याचेच शेवटचे तीन टाकायची पद्धत आहे. शेवटची जागा एफ, तिथे आधीच्या पंधरांचा एक्सॉर: ‘० एफ ० डू आय आयडीप्रॉम@ एक्सॉर लूप एफ एमकेपी’. ही ओळ मात्र एका दमात टाइप करा. ‘बॅनर’ दिल्यावर पत्ता नीट दिसला की ‘सेटएन्व्ह डायग-स्विच? फॉल्स’, मग ‘रीसेट’. मघाची बाद मजकुराची तक्रार परत आली तर नव्व्याण्णव टक्के एक्सॉरची बेरीज चुकली आहे. एखादा बाइट नंतर बदललात तरी ती ओळ पुन्हा चालवावी लागते.

डिस्क आणि सीडी

सनओएसच्या कर्नलमध्ये ‘एसडी०’ म्हणजे स्कझी (डिस्क आणि सीडी जोडायची साखळी) आयडी ० नव्हे, आयडी ३. डिस्क आयडी ३ वर ठेवा आणि सीडी ६ वर. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा, मधे नको.

सीडी ड्राइव्ह ५१२ बाइटच्या ब्लॉकनं वाचता आला पाहिजे. पीसीचे ड्राइव्ह २०४८ नं वाचतात, आणि मग बूट सुरू होताच थबकतं. एसडी कार्डावर डिस्क आणि सीडी बनून राहणारा बोर्ड (ब्लूस्कझी, झुलूस्कझी) वापरत असाल तर सीडीच्या प्रतिमेचाही ब्लॉक ५१२ ठरवा. मूळ सीडीत वेगवेगळ्या सन मशीन-प्रकारांसाठी वेगवेगळे विभाग आहेत. म्हणून ती विंडोजमध्ये उघडून फायली कॉपी करून चालत नाही, अख्खी प्रतिमाच लागते.

डिस्कची प्रतिमा सनच्या एखाद्या खऱ्या डिस्कच्या मापाची करा, म्हणजे फॉरमॅट प्रोग्रॅमच्या यादीत नाव निवडलं की काम झालं. ‘सन१.०५’ ही डिस्क २०३६ सिलिंडर अधिक २ राखीव, १४ हेड, ७२ सेक्टर. गुणाकार करून १,०५,१८,०३,६४८ बाइट. प्रतिमा याहून एक बाइटही लहान नको. मोठी डिस्क लावायचा मोह आवरा. एक विभाग २ गिगाबाइटच्या वर जात नाही. शिवाय जुने बूट प्रॉम (मशीन सुरू करणारा, चिपमध्येच असलेला प्रोग्रॅम) ज्या स्कझी आज्ञेनं वाचतात तिच्यात ब्लॉकसाठी २१ बिटच आहेत, म्हणजे पहिला १ गिगाबाइट. रूट त्याच्या पलीकडे गेला तर सिस्टिम बसते सगळी, पण मशीन बूट होत नाही.

बसवणं

‘बूट सीडीरॉम’. अगदी जुन्या प्रॉमवर ‘बी एसडी(०,६,२)’. एक छोटं, मेमरीतच राहणारं युनिक्स चालू होतं आणि विचारतं: १ मिनीरूट (बसवण्यापुरती छोटी सिस्टिम) बसवू, की २ शेलमध्ये जाऊ? १ द्या. ते फॉरमॅटमध्ये नेईल. तिथे डिस्कचा प्रकार निवडा, विभाग आखा, आणि ‘लेबल’ द्यायला विसरू नका. लेबल न लिहिता बाहेर पडलात तर आखणी हवेत. विभागांची जुनी चाल पाळा: ए म्हणजे रूट, बी स्वॅप, सी अख्खी डिस्क (तिला हात लावू नका), जी म्हणजे यूएसआर, एच होम. १ गिगाबाइटच्या डिस्कवर रूटला ४० मेगाबाइट, स्वॅपला १००, यूएसआरला ३५० ठेवा, उरलेलं होमला. लॉग आणि टपाल रूटमध्येच साठतं, म्हणून रूट चिंचोळा ठेवू नये.

मिनीरूट स्वॅपच्या विभागात उतरतो, मशीन त्यातून पुन्हा उठतं, आणि मग ‘सनइन्स्टॉल’ चालवायचं. झटपट की सविस्तर विचारलं की सविस्तर घ्या. सॉफ्टवेअरच्या यादीत सनव्ह्यूचे आणि ओपनविंडोजचे सगळे गट, डेमोसकट, निवडलेच पाहिजेत. इथे हात आखडता घेतला तर पुढची सगळी गंमत जाते. एनआयएस (वापरकर्त्यांची यादी नेटवर्कवरून देणारी सेवा) विचारलं तर ‘नाही’, नाहीतर दर बूटला मशीन नसलेल्या सर्व्हरची वाट बघत बसतं. तारीख २८ वर्षं मागची द्या, २०२६ साठी १९९८. वार-तारीख जुळतात आणि २००० सालाच्या भानगडी टळतात.

पहिली पिढी: सनव्ह्यू

सन १९८२ मध्ये सुरू झाली. अँडी बेक्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली, बिल जॉय आणि पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे तिचे संस्थापक. सुरुवातीची विंडो सिस्टिम सनविंडोज, १९८३ ची. तीच वाढून १९८५ मध्ये सनव्ह्यू झाली.

लॉगइन झाल्यावर पांढऱ्या पडद्यावर जाड काळी अक्षरं दिसतात, ८० रकाने आणि ३४ ओळी. तिथे ‘सनव्ह्यू’ टाइप करा. पडदा करडा होतो. मोकळ्या जागेवर उजवं बटण दाबून धरा, मेनू येतो. त्यातून शेलटूल, क्लॉक आणि टेक्स्टएडिट उघडा. आता दुसऱ्या शेलमध्ये डेव्ह डिरेक्टरीची यादी घ्या: विन०, विन१, विन२... प्रत्येक खिडकी म्हणजे कर्नलमधलं एक यंत्र! कुणी कुणावर पडली आहे याचा हिशोब कर्नल ठेवतो आणि प्रोग्रॅम थेट फ्रेमबफरवर (पडद्याच्या मेमरीवर) रंगवतो. म्हणून ती इतकी चपळ आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या मशीनवरचा प्रोग्रॅम तुमच्या पडद्यावर खिडकी उघडू शकत नाही. विन फायली ठरावीक असल्यानं फार टूल उघडली की नवी खिडकी मिळत नाही. एका टूलला एकाहून जास्त विन लागतात.

डाव्या हाताच्या कळा नीट वापरून बघा. एल५ नं खिडकी पुढे-मागे, एल७ नं तिचं चिन्ह होतं आणि परत उघडते. अगेन, प्रॉप्स, कॉपी, ओपन, फाइंड ही नावं १९८१ च्या झेरॉक्स स्टारच्या कीबोर्डवरही डावीकडेच होती. सनच्या जुन्या कीबोर्डांवर एल६ ला ‘पुट’ आणि एल८ ला ‘गेट’ म्हणत. पुढे त्यांचंच कॉपी आणि पेस्ट झालं.

आता एक करामत. टेक्स्टएडिटमध्ये ओळीच्या मधोमध क्लिक करा. एल८ दाबून धरा, सोडू नका. शेजारच्या शेलटूलमधला एखादा शब्द उंदरानं निवडा. तो काळा होत नाही, त्याच्याखाली रेघ येते. एल८ सोडा. शब्द टेक्स्टएडिटमध्ये येऊन बसतो, आणि तुमची आधीची निवड जागची हलत नाही. आजच्या कुठल्या डेस्कटॉपवर ही सोय सहज मिळते?

स्क्रोलबारवर डावं बटण खाली नेतं, उजवं वर, मधलं थेट त्या जागी. बाहेर पडायला पार्श्वभूमीच्या मेनूतून एक्झिट.

तिघी एकत्र: ओपनविंडोज

एक्स ११ सप्टेंबर १९८७ मध्ये आलं. त्याआधीच सनमध्ये जेम्स गॉसलिंग आणि डेव्हिड रोझेंथल यांनी न्यूज उभारली होती. तिची कल्पना अशी की पडद्यावर काय काढायचं ते प्रोग्रॅमनं पोस्टस्क्रिप्ट या पानाचं वर्णन करणाऱ्या भाषेत लिहून सर्व्हरकडे पाठवावं आणि सर्व्हरनं ते चालवावं. बाजार एक्सकडे गेला, तेव्हा सननं दोन्ही एकाच सर्व्हरमध्ये बसवले. त्याचं नाव एक्सन्यूज.

सुरू करण्याआधी ओपनविनहोम या चलात ‘/यूएसआर/ओपनविन’ ठेवा, त्यातलं बिन पाथमध्ये घाला आणि एलडी_लायब्ररी_पाथमध्ये त्यातलं लिब. शेवटचं विसरलं की ‘लिबएक्सव्ह्यू सापडत नाही’ एवढं बोलून प्रोग्रॅम मरतात. ओपनविंडोज बिघडलं असं वाटतं, बिघडलेलं काही नसतं. मग ‘ओपनविन’. ‘-नोसनव्ह्यू’ हा पर्याय मात्र देऊ नका, कारण सनव्ह्यूचे प्रोग्रॅम आत चालू देणं हेच आपल्याला हवं आहे.

एका कमांडटूलमधून सनव्ह्यूचं जुनं ‘क्लॉक’ चालवा. ते उघडतं, पण त्याची चौकट बाकीच्यांपेक्षा वेगळी, कारण ओपन लुकचा विंडो मॅनेजर त्याला ओळखतच नाही. शेजारी ओपनविंडोजचं टेक्स्टएडिट उघडा. ते एक्स ११ वरचं. तिसरीसाठी, म्हणजे न्यूजसाठी, ‘पीएसएच’ टाइप करा, मग ‘एक्झिक्युटिव्ह’. आता तुम्ही सर्व्हरच्या पोटात आहात. ‘फ्रेमबफर सेटकॅनव्हस’ द्या, मग ‘न्यूपाथ १०० १०० मूव्हटू ३०० १०० लाइनटू २०० २५० लाइनटू क्लोजपाथ फिल’. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात भरीव त्रिकोण उमटतो. पोस्टस्क्रिप्टमध्ये शून्य बिंदू तिथे असतो, एक्समध्ये वर डावीकडे. त्रिकोणावरून एखादी खिडकी ओढून न्या, तो पुसला जाईल. पार्श्वभूमी पुन्हा रंगवताना सर्व्हरला तुमच्या त्रिकोणाची आठवण नसते. काहीच दिसलं नाही तर तो कोपरा आधीच एखाद्या खिडकीनं झाकलेला असेल.

हे मशीन घरच्या राउटरपलीकडे उघडं ठेवू नका. न्यूज २००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकते, आणि आत शिरलेल्याला सर्व्हरमध्ये कोड चालवता येणं हा दोष नसून तिची रचनाच आहे.

ओपन लुक ही खिडक्या-मेनूंच्या रूपाची आणि वागण्याची पद्धत १९८८ मध्ये सन आणि एटी अँड टीनं मांडली. त्यातल्या दोन गोष्टी हातानं करून बघा. मेनूच्या डोक्यावर टाचणी दिसेल. ती ओढून भोकात खोचली की मेनू पडद्यावर टिकून राहतो, उपटली की जातो. आणि स्क्रोलबार म्हणजे दोरीवरची लिफ्ट: बाणावर सतत क्लिक करत राहिलात की लिफ्टबरोबर उंदराचा बाणही आपोआप सरकतो, हात हलवावा लागत नाही. मोटिफ या प्रतिस्पर्धी पद्धतीपेक्षा ओपन लुकमध्ये विचार जास्त होता, हे या दोन गोष्टींवरून पटतं. तरी १९९३ मध्ये सननं बाकी युनिक्स कंपन्यांबरोबर समझोता करून मोटिफवर बेतलेला सीडीई हा सामाईक डेस्कटॉप स्वीकारला.

मशीनच नसेल तर

क्यूईएमयूमध्ये (पीसीवर दुसरं मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘एसएस-५’ हा प्रकार घ्या, मेमरी ६४, ग्राफिक्स ‘सीजी३’, पडदा ११५२ बाय ९०० बाय ८. त्याचं स्वतःचं ओपनबायॉस सनओएस ४ ला पुरत नाही, स्पार्कस्टेशन ५ च्या मूळ प्रॉमची प्रत लागते. सीडी बूट करताना विभाग ‘डी’, सी नव्हे. स्पार्कस्टेशन ५ चा मशीन-प्रकार आयपीएक्सपेक्षा वेगळा. पण पीसीच्या कीबोर्डवर डाव्या हाताच्या कळा नाहीत, त्यामुळे एल८ ची करामत तिथे खऱ्या मशीनसारखी जमत नाही.

बंद करताना

थेट स्विच पाडू नका. या फाइलसिस्टिमला जर्नल नाही. अर्धवट लिहिलेलं राहिलं की पुढच्या बूटला ‘एफएससीके’ हा तपासनीस प्रोग्रॅम सगळे विभाग तपासत बसतो आणि कधी हातानं उत्तरं मागतो. विंडोमधून बाहेर या, रूट म्हणून ‘सिंक’, मग ‘हॉल्ट’ द्या. ‘ओके’ किंवा ‘>’ दिसला की स्विच पाडा. मशीन अडकलंच तर स्टॉप-ए, आणि ‘ओके’ वर पुन्हा ‘सिंक’.